जमनाकाकूंची हळद

जमनाकाकूंच्या फाटकासमोरून सेंट मारून जायची आमच्या गल्लीत कोणाची छाती नव्हती. आमच्या ह्यांनी एकदा तो पराक्रम केला. साडूने दिलेली बाटली अंगावर रिकामी करून हे एका लग्नाला निघाले. काकू फाटकाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, आंघोळ नाई केली वाटते आज?" आणि खरं सांगते, त्या दिवशी आमच्याकडे नळच आला नव्हता. हे तसेच मागे फिरले, दोन बादल्या शेजारून आणल्या, आंघोळ केली आणि लग्नाला उशिरा पोचले. वरून मलाच म्हणाले, "या बाईला नाक आहे का काय आहे!"

ते नाक होतं, आणि वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या आमच्या गल्लीचा कारभार बराचसा त्या नाकावर चालायचा. कोणाचं दूध नासणार, कोणाच्या तुपात भेसळ, कोणत्या पोट्ट्याने गच्चीवर बिडी ओढली, हे सगळं काकूंना पहिले कळायचं. मी तळेगावची, शामजी पंतांच्या तळेगावची. आमच्याकडेही वास ओळखणारी माणसं असतात. जनावराच्या तोंडाच्या वासावरून त्याने काय खाल्लं ते सांगणारा गुराखी मी पाहिला आहे. पण काकूंच्या पुढे तो बालवाडीत बसला असता.

अंगाने त्या ठेंगण्या, रुंद हाडाच्या, डोक्यावर कायम पदर. सासरचं वर्ध्यात किराण्याचं जुनं दुकान. पूर्वज मारवाडातून आले, पण किती पिढ्या झाल्या ते त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे काकाजींनाही, सांगता येत नसे. देवाशी मारवाडी, दुकानात हिंदी आणि भांडायला वऱ्हाडी, अशी काकूंनी भाषांची वाटणी करून ठेवली होती. आमच्या वाट्याला बहुतेक वऱ्हाडीच यायची. माहेर समुद्रपूरकडचं, हळदीच्या मुलखातलं. त्यांचा भाऊ अजून तिथे हळद लावतो. दरवर्षी संक्रांत झाली की त्याच्याकडून ओल्या हळदीची पोती भरून टेम्पो यायचा, आणि मग महिना-दीड महिना गल्लीत दुसरा विषय नसायचा.

त्या पोत्यांत दोन जाती एकत्र यायच्या. एक आपली रोजची हळद आणि दुसरी आंबेहळद. पहिली पोटात घ्यायची, दुसरी मुका मार लागला, सूज आली की उगाळून लावायची. काकू त्यांना थोरली आणि धाकली म्हणायच्या. "थोरली पोटात जाते, धाकली अंगावर बसते. दोघींची जागा बदलाची नाई." मातीत माखलेले कंद वरून बघाल तर सारखेच. भावाच्या शेतावरच्या बायका दोन्ही एकदमच खणायच्या, कारण काकूंनीच तसं सांगून ठेवलं होतं, "तुमी निवडू नोका, घोळ करसान. मी निवडतो."

आणि ते निवडणं बघायला आम्ही बायका कामं टाकून जायचो. अंगणात ढीग, ढिगापुढे पाट, पाटावर काकू. कंद उचलायचा, नाकाखालून न्यायचा, डावीकडे. पुढचा उचलायचा, उजवीकडे. बोलता बोलता, शेजारणीची कागाळी करता करता हात चालूच. दुसरं कोणी असतं तर टोक मोडून आतला रंग बघितला असता. थोरली आत केशरी निघते, धाकली फिकट. काकू मोडायच्या नाहीत. मोडलेला कंद उकळताना सत्त्व सोडतो म्हणायच्या. मला वाटतं खरं कारण वेगळं होतं. मोडून बघणं म्हणजे त्यांच्या लेखी उत्तर बघून गणित सोडवणं होतं. एकदा मी मुद्दाम उजवीकडच्या ढिगातला एक कंद हळूच डावीकडे सरकवला. काकू पाणी प्यायला उठल्या होत्या. परत येऊन बसल्या, दोन श्वास घेतले आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, शाळेत पोट्ट्यायले बी असंच फसवता का?" बाप्पा! मी तोंडात पदर धरून पळाले.

मग मोठ्या कढईत हळद उकळायची. झाकणाखालून निघणाऱ्या वाफेचा वास पालटला की काकू ओसरीवरून ओरडायच्या, "उतरवा!" तेव्हा काकाजी आणि दुकानातला माणूस धावायचे. गच्चीवर वाळवणं व्हायचं. वाळलेली दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून त्या आवाज ऐकायच्या, खणखण वाजलं तरच पुढे. गोणपाटात घालून घासायची, सालं उडवायची आणि मग चक्की. चक्कीवाला काकूंना बघूनच आधी मूठभर तांदूळ टाकून चक्कीचे दगड साफ करायला घ्यायचा, सांगावं लागायचं नाही. होळीच्या आसपास घरोघर बरणी पोचायची. पैशाचं नाव काढलेलं चालायचं नाही. आम्ही कोणी तूर द्यायचो, कोणी अंबाडी, कोणी नुसताच आशीर्वाद घ्यायचो.

काकूंची हळद रंगाला भडक नसे. जरा काळोखी, जुन्या पितळेकडे झुकणारी. वरणात चिमूटभर टाकली की घरात कोणीतरी विचारायचंच, "काकूंची आली का?" बोट कापलं, काकूंची हळद. खोकला झाला, दुधात काकूंची हळद. बाळंतिणीच्या लाडवात, तिच्या अंगाला लावायच्या तेलात, नवरीच्या अंगाला, सगळीकडे तीच. थंडीत त्या ओल्या हळदीची भाजी करायच्या, त्यांच्या माहेरची. हळद किसून साजूक तुपात मंद आचेवर इतका वेळ परतायची की तिचा कडूपणा शरण यायचा. मग दही, मटार, आलं आणि वरून गुळाचा खडा. वाटी वाटी घरोघर जायची. "जास्त खासान तं घाम फुटन, कमी खासान तं मी फोडीन," असा निरोप वाटीबरोबर असायचा. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती भाजी खाल्ली की अंगात ऊब चढायची, आणि पुढे दोन दिवस वहीवर सही केली तरी कागद पिवळा व्हायचा.

पण हळद म्हणजे सर्व रोगांचा इलाज, असं काकूंनी कधी म्हटलं नाही. उलट तसं कोणी म्हटलं की त्या खवळायच्या. मागच्या गल्लीतले एक म्हातारे होते, साखरेचा त्रास असलेले. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, पंधरवडा झाला तरी भरेना. ते काकूंकडे आले, हळद भरून द्या म्हणाले. काकूंनी चिंधी सोडली, वाकल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. "हे हळदीचं काम नाई. आत सडून राह्यलं. वास येते मले." म्हातारे म्हणाले, "मला तर काही येत नाही." "तुमाले येत नाई म्हणून तं मी सांगून राह्यली!" त्यांनी स्वतः ऑटो थांबवला, म्हाताऱ्यांना आत कोंबलं आणि त्यांच्या मुलाच्या आधी मोठ्या दवाखान्यात जाऊन बसल्या. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. काकू घरी येऊन तणतणत होत्या, "हळद घरची हाय. घरच्या माणसाले किती काम सांगाव याचा इचार कराव का नाई लोकायनं?"

सगळी गल्ली काकूंना मानायची. एकटा अपवाद उषाताईंचा. काकूंच्या शेजारच्या घरात त्या एकट्याच राहतात, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दोघींच्या गच्च्या लागून, मध्ये गुडघाभर भिंत. इकडे काकूंची हळद वाळायची आणि तिकडे उषाताईंची मिरची. वारा सुटला की मिरचीची धस काकूंच्या नाकात जायची. "या बाईनं माह्या नाकाचा सत्यानास केला," असं त्या भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या. भिंतीपलीकडून उत्तर यायचं, "नाकात काय सोनं मढवलं हाय का जमनाबाई? अन् हळद बी हळदच हाय, केसर नाई." तरी होळीला उषाताईंकडे बरणी जायची, आणि संक्रांतीला तिकडून मिरचीपूड यायची. दोघींपैकी कोणीही ती स्वतःच्या हाताने द्यायची नाही, मध्ये काकाजी.

मग कोरोना आला. काकूंच्या घरी दोघंही आजारी पडली. काकाजी लवकर सुधारले, काकूंना वेळ लागला. बऱ्या होऊन ओसरीवर बसायला लागल्या तेव्हा आम्ही लांबून नमस्कार केले, त्यांनी हात हलवला. हळूहळू सगळं पूर्ववत झालं. काकू फाटकाशी बसायला लागल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला टोकायला लागल्या. आता मागे वळून बघते तर जाणवतं की टोकणं थोडं बदललं होतं. दूध हातात घेऊन नाकाशी न्यायच्या, "हं" म्हणायच्या आणि परत द्यायच्या. चांगलं की वाईट, बोलायच्या नाहीत. आम्हाला वाटलं, आजारपणाने बाई मवाळ झाली.

संक्रांत झाली, टेम्पो आला. काकू पाटावर बसल्या, कंद नाकाखालून गेले, दोन ढीग झाले. कढई चढली, गच्ची भरली, चक्की झाली. होळीला बरण्या आल्या.

पहिल्या दिवशी वरण केलं तर हे म्हणाले, "वरणात लोणच्याचा चमचा बुडवला का गं?" मी चाखलं. कैरीसारखा वास, आणि घास गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडसर. डाळ बदलली, तेच. फोडणी बदलली, तेच. शेवटी मी हळदीच्या बरणीत नाक घातलं आणि गार झाले. थोरलीत धाकली मिसळली होती. थोडीथोडकी नाही, चांगली भरपूर. विषारी नव्हे ती, लोक खातातही, लोणचंही घालतात. पण रोजच्या वरणाला तो वास म्हणजे काय सांगू, देवळात जाऊन चपला खाल्ल्यासारखं वाटत होतं.

आता गंमत ऐका. गल्लीतल्या प्रत्येक घरात हेच झालं आणि एकाही घरातून शब्द बाहेर पडला नाही. काकूंना कोण सांगणार? काकूंची हळद चुकली असं म्हणणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला म्हणण्यासारखं होतं. प्रत्येकीला वाटलं, आपलीच बरणी बिघडली, आपल्याच घरात ओल लागली. मग एकेकीने गुपचूप दुकानातलं पाकीट आणलं. मी तर दोन पावलं पुढे, पाकीट वर्ध्याहून आणलं, गल्लीच्या दुकानातून नको म्हणून. काकूंची बरणी ओट्यावर मांडलेली, पाकीट पिठाच्या डब्यामागे. भांडकुदळ म्हणून माझी ख्याती, पण तोंड उघडलं नाही.

त्याच उन्हाळ्यात माझी लेक रेवा बाळंतपणाला आली. काकूंनी लाडू पाठवले. रेवाने एक घास खाल्ला आणि बाजूला ठेवला. "आई, हे काकूंचे नाहीत," म्हणाली. मी म्हटलं, "आहेत, गप खा." तिने नाही खाल्ले.

बारशाला पंधरा-वीस बायका जेवायला होत्या. काकू मानाने पहिल्या पंगतीत. मी वरण वाढलं आणि पुढे गेले. मागून काकूंचा आवाज आला, "मास्तरीणबाई, थांब."

त्यांनी वरणात बोट बुडवलं होतं आणि ते खिडकीच्या उजेडात धरलं होतं. वरण पिवळंजर्द, बाजारी पिवळं. "हे माही हळद नाई," काकू म्हणाल्या. "हा रंग माहा नाई. काऊन वं? माही संपली का?"

प्रत्येकीचं डोकं ताटात. उषाताई समोरच्या ओळीत होत्या, त्यासुद्धा कोशिंबीर बघत होत्या. काकूंनी सगळ्यांकडे बघितलं. "का झालं? समद्यायच्या जिभा का नागपूरले गेल्या?"

आणि तेव्हा रेवा बोलली, बाळाला थोपटत, अगदी साध्या आवाजात. "काकू, यंदाची हळद कडू झाली आहे. कैरीचा वास येतो तिला."

"बरणी आन," काकू मला म्हणाल्या.

मी आणली. काकूंनी झाकण काढलं, बरणी नाकाशी धरली. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, आता निकाल लागेल म्हणून. त्यांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. डोळे मिटून तिसऱ्यांदा घेतला. मग बरणी खाली आली. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्याआधी भीती कधी पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली. मोठं माणूस घाबरलेलं बघणं फार वाईट असतं. चिमूटभर हळद त्यांनी जिभेवर ठेवली, बराच वेळ टाळूला घासली.

"धाकली हाय," त्या म्हणाल्या. "माह्याच हातानं गेली." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द वेगळा करून, "मले वास येत नाई. कोरोना झाला तवापासून. कशाचाच येत नाई."

कोणीतरी म्हणालं, "अहो काकू, येईल हळूहळू, होतं असं." काकूंनी हाताने थांबवलं. "सालभर झालं. म्या कोनाले सांगतलं नाई. यायलेबी नाई." 'यायले' म्हणजे काकाजी. बाहेर पुरुषांच्या पंगतीत ते ताक पीत होते. ते वर्षभर घरात काय खात होते आणि काय ओळखून गप्प होते, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

मला वाटलं, काकू आता उठून जातील. त्या उठल्या नाहीत. अन्नावरून उठायचं नाही, हा त्यांचा नेम. समोरचा वरणभात, तो बाजारी पिवळा वरणभात, त्यांनी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. बाळाच्या हातात नाणं ठेवलं, रेवाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू सांगतलं. बरं केलं पोरी." मग घरी जाऊन पितळी घागर घेऊन निघाल्या.

बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. त्या उन्हात काकू पहिल्या घरापासून सुरू झाल्या. मी छत्री घेऊन मागे धावले, ती त्यांनी घेतली नाही. दारात उभ्या राहायच्या आणि सगळ्या घरी तेच वाक्य बोलायच्या, "माह्या नाकाले वास येत नाई. हळदीत आंबेहळद गेली. बरणी आन." लोक कानकोंडे व्हायचे. "नाही हो काकू, मस्त आहे, आम्हाला तर काही नाही वाटलं!" तेव्हा मात्र त्या चिडायच्या. "खोटं बोलू नोको. मी माफी नाई मागून राह्यली, हळद मागून राह्यली." बरण्या यायच्या, सगळ्या जवळजवळ भरलेल्या. काकू घागरीत ओतायच्या आणि पुढे निघायच्या.

मी शिकवण्यात आयुष्य काढलं. चुकलं तर कबूल करा, असं हजार पोरांना सांगितलं असेल. पण कबूल करणं म्हणजे काय असतं ते मी त्या दुपारी बघितलं. ज्या एका गोष्टीवर त्या बाईची सगळी पत होती, तीच गेली म्हणून ती स्वतःच्या तोंडाने दारोदार सांगत होती, आवाज न बारीक करता. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले असते तर थप्पड बसली असती, म्हणून नाही धरले.

शेवटचं घर उषाताईंचं. बारशाहून येऊन त्या दारातच उभ्या होत्या, बरणी हातात घेऊन. ती निम्म्याहून जास्त रिकामी होती. काकू बरणीकडे बघत राहिल्या.

"फेकली का?"

"फेकाले काय झालं? खाल्ली."

"कडू नाई लागली?"

"लागली ना. रोज लागे."

"मंग काऊन खाल्ली?"

उषाताई जरा घुटमळल्या. मग फणकाऱ्याने म्हणाल्या, "मले वाटलं, मिरचीच्या रागानं तुमी मलेच तशी देल्ली. म्हणलं, देल्ली तं देल्ली. खाऊन दाखवतो."

काकूंच्या घशातून एक आवाज निघाला. मला वाटलं रडल्या. त्या हसत होत्या. घागर खाली ठेवून, दाराच्या चौकटीला धरून हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. उषाताई आधी रागावल्या, मग त्याही हसायला लागल्या. मी मध्ये छत्री घेऊन येड्यासारखी उभी.

घागरीतली ती हळद काकूंनी परसात खड्डा करून पुरली. आणि त्या संध्याकाळी भावाला फोन करून सांगितलं, पुढच्या वर्षी पोती पाठवू नको, माझं हळदीचं काम संपलं. भावाने पुष्कळ समजावलं. पुढचे कितीतरी महिने त्या फाटकाशी बसल्याच नाहीत. मागच्या खोलीत असायच्या. काकाजी सांगायचे, जेवत नाहीत नीट, म्हणतात सगळं सारखंच लागते, कापूस चावल्यावानी. डॉक्टरांनी तपासलं, वास कधी येईल ते सांगता येत नाही म्हणाले, येईल किंवा येणार नाही. गल्लीला वाटायला लागलं की हळदीबरोबर काकूही चालल्या.

संक्रांतीनंतर टेम्पो आला. भावाने ऐकलं नव्हतं. काकू बाहेर आल्याच नाहीत. पोती अंगणात तशीच पडून राहिली, ओल्या हळदीला कोंब यायची वेळ झाली. तेव्हा एका सकाळी उषाताई फाटक ढकलून आत शिरल्या. त्या घरात त्या कधी गेल्याचं मला आठवत नाही. त्यांनी पोत्याची सुतळी ओढली, ढीग अंगणात ओतला आणि माजघराकडे तोंड करून ओरडल्या, "जमनाबाई! यंदा बी आमाले पाकीट खाऊ घालता का? तुमचं नाक गेलं, माहं तं हाय! मिरची खाऊन बी शाबूत हाय!"

मग काकू दारात आल्या. पदर नीट केला. "तुले काय कळते त्याच्यातलं?" म्हणाल्या.

"नाई कळत. शिकवा. तुमाले कोन देवानं शिकवलं का?"

तेव्हापासून तसंच चाललं आहे. काकूंचा वास परत आलेला नाही. निवडायला आता दोघी बसतात, आणि शंका आली की कंद मोडायचा, असा नवा नियम काकूंनी स्वतः केला. पहिल्या वर्षी उषाताईंना पोटभर शिव्या बसल्या. मोडलेल्या कंदांचाच एक ढीग झाला होता. आता तो लहान होत चालला आहे. हळद आम्हाला मिळते, चांगली मिळते. पाकीट मी केव्हाच टाकून दिलं.

यंदा निवडणं चालू होतं तेव्हा मी बाळाचं, म्हणजे आता शाळेत जाणाऱ्या नातीचं, स्वेटर द्यायला रेवाकडे निघाले होते. फाटकाशी थांबले. त्या दोघींचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. कोवळं ऊन होतं. उषाताईंनी एक कंद उचलला, नाकाशी नेला आणि तिथेच धरून बसल्या.

"का झालं? मोड ना," काकू म्हणाल्या.

"मोडाचं काम नाई. थोरली हाय. लय चांगला वास हाय ह्याले."

"चांगला म्हंजे कसा?"

"आता कसा म्हंजे! हळदीसारखा."

"असं नोको. मले सांग."

उषाताईंनी काकूंकडे बघितलं. भांडायला शब्दांची त्यांना कधी वाण पडली नाही, पण आता त्या शोधत होत्या. कंद पुन्हा नाकाशी धरला. "पह्यले मिऱ्यावानी टोचते," हळूहळू म्हणाल्या. "मंग, कोऱ्या माठात पानी भरल्यावर येते ना, तसा. अन् त्याच्या मांग, लय मांग, लग्नघरी पाहाटे येते तसा."

काकूंनी डोळे मिटले होते. हात मांडीवर उघडे पडलेले. "कोनाच्या लग्नघरी?"

"माह्या," उषाताई म्हणाल्या.

काकूंनी डोळे उघडले नाहीत. श्वास मात्र घेतला, खोल, छाती भरून.

"हं," त्या म्हणाल्या. "अजून सांग."